दारोदारच्या चाली

फोनवर ‘हो’ म्हणायला जीभ पुरते, हात लागत नाही. इंद्रभान फसला तो इथंच. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेतल्या योगिनी नावाच्या बाईंचा फोन आला. तुम्ही किंगरी वाजवता असं कळलं, ऐकायला आणि रेकॉर्ड करून न्यायला आले तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. इंद्रभाननं मागचापुढचा विचार न करता सांगून टाकलं, “या की. केव्हाबी या.”

फोन त्याच्या कानाला धरून उभी होती त्याची सून, पुष्पांजली. ती डोळे मोठे करून सासऱ्याच्या डाव्या हाताकडं पाहत राहिली. तो हात मागच्या दिवाळीपासून मांडीवर नुसता पडून होता. लकव्याचा झटका आला तेव्हा तोंडही वाकडं झालं होतं, ते औषधानं जागेवर आलं. पाय लंगडत का होईना चालायला लागला. हात मात्र जो रुसला तो रुसलाच. आता किंगरीचं असं असतं की तार घासायचा गज धरायचा उजव्या हातात, आणि तारेवर नाचायचं ते डाव्या हाताच्या बोटांनी. म्हणजे इंद्रभानपाशी गज राहिला होता आणि गाणं गेलं होतं.

“बाबा, हो काऊन म्हनलं?” पुष्पांजलीनं विचारलं.

“त्या येईपर्यंत होते ना हात बरा.”

“आन नाई झाला तं?”

लसणाचं तेल घालून हात चोळायचं तेवढं इंद्रभाननं वाढवलं. त्याला दोष तरी कसा द्यावा? सारा जन्म अमडापुरात किंगरी वाजवण्यात गेला, पण खास तेवढ्यासाठी गाडीला बसून कोणी येतो म्हणालं नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही, हे कांद्याला जसं लागू तसं किंगरीलाही. अशा वेळी माणसाच्या तोंडून नाही कसं निघावं?

इंद्रभान नाथजोग्याच्या घरातला. किंगरी म्हणजे नारळाची कवटी, तिच्यावर ताणलेलं कातडं, वेळूचा दांडा आणि एक तार. गज घोड्याच्या केसांचा, त्याला घुंगरू. बापाकडून त्याच्याकडं आली, आजाकडून बापाकडं. सुगी आटोपली की सकाळी झोळी खांद्याला लावून तो गावातून फेरीला निघायचा. पण दारात उभं राहून ‘वाढा माय’ म्हणणं त्यांच्या घराण्याच्या रीतीत नव्हतं. रीत अशी की प्रत्येक दाराची चाल वेगळी. माळ्यांची चार घरं ओळीनं असली तरी चार चाली. न्हाणीत असलेल्या बाईलाही कळायचं की गज आता आपल्या दारात बोलतोय की शेजारणीच्या. घरात नवी सून आली की त्या घरच्या चालीत एक मुरकी वाढायची. म्हातारं माणूस गेलं की वर्षभर ती चाल खालच्या सुरात वाजायची. मग बाई सुपात ज्वारी घेऊन बाहेर यायची, झोळीत रिती करायची, आणि इंद्रभान पुढच्या दाराची चाल धरायचा. बायको झुंबरबाई दुसरी झोळी घेऊन कधी सोबत असायची, कधी घरी.

पोरानं किंगरी धरली नाही. तो चिखलीला जीप चालवतो, चांगलं चाललंय त्याचं, आणि इंद्रभानला त्याचं वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. इतक्या चाली, आणि त्या सगळ्या एका बंद मुठीत अडकून पडलेल्या.

योगिनी आली ती चिखलीच्या एसटीनं, पाठीवर काळी पिशवी घेऊन. वयानं तिशीची, आवाज हळू, आणि चप्पल दाराबाहेर नीट लावून ठेवणारी. झुंबरबाईला ती तेवढ्यावरच आवडली. इंद्रभान खाटेवर बसला होता, अंगावर शाल, आणि शालीखाली डावा हात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती किती वेळ झाकायची? त्यानं आधी चहा पाजला. मग जेवायला बसवलं. मग किंगरी दाखवली, गजाला चोळायची राळ दाखवली, गजाचे केस कुठल्या घोड्याचे ते सांगितलं. घोडा कोणाचा, तो कोणाच्या वरातीत उधळला, नवरदेव कुठं पडला, इथपर्यंत मजल गेली. योगिनी सगळं हसून ऐकत होती. पण तिचं यंत्र पिशवीतून निघून पुढ्यात आलं होतं, आणि इंद्रभानला ते हिशेब मागायला आलेल्या पाहुण्यासारखं दिसत होतं.

“बाबा, आज थकला असाल तर उद्या सकाळी वाजवा,” ती म्हणाली. “मला उद्या दुपारी निघायचंय, नांदुऱ्याहून संध्याकाळची रेल्वेगाडी आहे. तोवर तुम्हाला गंमत ऐकवू?”

तिनं त्याच्या कानांवर मऊ गाद्यांचे हेडफोन चढवले. देशभर फिरून ती आणि तिच्या सोबतचे लोक गजानं वाजणारी वाद्यं गोळा करत होते. आधी राजस्थानातला रावणहत्था लागला. इंद्रभाननं मान वर केली. मग मणिपूरची पेना. मग ओडिशातला केंदरा, त्यावर गाणारा म्हातारा मधेच खोकतोय. मग केरळातल्या एका बाईचं गाणं, नागाच्या पूजेचं, नवऱ्याच्या वीणेच्या साथीनं. शेवटी तर परदेशातलं एक फिडल, बर्फाच्या मुलखातलं. वाजवणारा पायानं फळीवर ठेका देत होता, तोही ऐकू येत होता.

इंद्रभानला एकाचीही भाषा कळली नाही. पण गज तारेला टेकतो त्या क्षणाचा तो बारीक खरखरता श्वास सगळ्यांत तोच होता. त्याचा उजवा हात आपोआप हलायला लागला.

“अवं झुंबर, आईक आईक,” तो जरा जास्तच मोठ्यानं म्हणाला, कारण कानांवर गाद्या होत्या. “लय भाऊबंद हायेत आपले! मले वाटे आपनच उरलो.”

झुंबरबाईनंही ऐकलं. केरळातली बाई तिला फार आवडली. “हिच्या सासूनं हिले गाऊ देल्लं, चांगलं केलं,” एवढंच ती म्हणाली.

हेडफोन काढले तेव्हा इंद्रभानच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढं मनापासून देणाऱ्या पोरीला आता फसवत बसणं त्याच्यानं होईना. त्यानं उजव्या हातानं शाल बाजूला सारली.

“पोरी, हा हात गेला माझा. फोनवर खोटं बोललो मी. मले वाटलं, तू येशीन तवर बरा होईन.”

योगिनीनं तो हात आपल्या हातात घेतला. “असू द्या बाबा. तुमची भेट झाली हे काय कमी आहे?”

ती खरंच तसं म्हणत होती. पण यंत्राची वायर गुंडाळताना तिचा चेहरा उतरलेला इंद्रभाननं पाहिला.

“आमच्या वऱ्हाडाची किंगरी हाये का तुझ्या ह्याच्यात?” त्यानं विचारलं.

“नाही. तुमच्याआधी दोघांचा पत्ता लागला होता. दोघेही वारलेले निघाले.”

“मी मेलो का चाली जातीन, हे मले मालूम होतं,” इंद्रभान म्हणाला. “त्याचं मन तयार केलं होतं मी. पन एवढे सारे भाऊ पंगतीले बसले, आन आपलंच पान रिकामं राह्यलं, हे आता पाह्यलं मी. हे नाई सोसत पोरी.”

नेमकी त्याच वेळी दारात रुक्मिणीबाई उभी होती. ही गल्लीच्या तोंडाशी राहणारी माळीण, भाजीचा मळा राखणारी. पाहुणी आली म्हणून ओटीत वांगी आणि कोथिंबीर घेऊन आली होती, आणि दारातच थबकून सगळं ऐकत होती. ऐकणं हा काही गुन्हा नव्हे. अमडापुरात तर नाहीच.

“बाबा, चाली जाऊन कुठं जातीन?” ती म्हणाली. “आमच्या दारची तं मी भेंडी तोडता तोडता रोजच म्हनते.”

“काय म्हनतं तू?”

“चाल. तुमचीच.” आणि मग पुण्याची पाहुणी पाहते आहे हे ध्यानात येऊन ती लाजली. पदर तोंडाला लावून म्हणाली, “जाऊ द्या बाप्पा, मी काय गाननारीन हाओ का!”

इंद्रभान खाटेवर सरसावून बसला. “रुक्मिणीबाई, म्हन. तुले तुझ्या मळ्याची आन हाये.”

मळ्याची आण म्हटल्यावर काय करणार? रुक्मिणीबाईनं डोळे मिटले आणि गुणगुणायला लागली. शब्द नव्हतेच, नुसतं ‘तंनं नंनं’ चाललं होतं. पण दुसऱ्या फेऱ्याला चाल जिथं वर जाऊन अलगद वळायची तिथं ती वळली, आणि त्यापुढं एक मुरकी आली. ती मुरकी इंद्रभाननं तिच्या लग्नाच्या वर्षी घातली होती. तो विसरला होता. ती विसरली नव्हती.

“झुंबर, किंगरी धर!”

झुंबरबाईनं किंगरी उचलून त्याच्या छातीशी उभी धरली. इंद्रभाननं उजव्या हातात गज घेतला आणि मोकळ्या तारेवर ओढला. एकच सूर निघाला, घुंगरांसकट. बोट नसलेला, सरळ सूर. त्याच्यावर रुक्मिणीबाईची चाल अशी बसली की योगिनीनं घाईघाईत वायर उलगडली आणि यंत्र सुरू केलं.

पुढचं काम बातमीनं केलं. पुष्पांजलीनं दोन फोन केले, रुक्मिणीबाईनं वाटेत चार जणींना सांगितलं, आणि सकाळी इंद्रभानच्या अंगणात हळद फेडायला जमावी तशी माणसं जमली. आपापल्या दारची चाल घेऊन. कोणी गुणगुणून, कोणी शीळ घालून, एकानं तर फक्त मान हलवून दाखवली आणि त्याच्या बायकोला म्हणावं लागलं. धाड गावात दिलेली छकुली फोनवरून बोलली. माहेरची चाल तिनं अंगाई करून दोन पोरं झोपवली होती. पुष्पांजलीनं फोन यंत्राजवळ धरला, छकुली म्हणायला लागली आणि अर्ध्यातच रडायला लागली. मग तिच्या आईनं अंगणातून उरलेली चाल पुरी केली.

इंद्रभान एकेका चालीखाली गज ओढत होता. खाली तो एकटा मोकळा सूर, आणि वर सारं गाव. त्याचा डावा हात मांडीवरच होता, पण त्याची लाज आता त्याला वाटत नव्हती.

भांडण झालं नसतं तर अमडापूर कसलं! रामराव आणि राजकुमार हे सख्खे भाऊ. शेताच्या वाटण्या होऊन बरीच वर्षं झाली. तेव्हा थोरल्या रामरावाकडं जुनी चाल राहिली आणि राजकुमारच्या नव्या घरासाठी इंद्रभाननं नवी बांधली. आज राजकुमार पुढं आला आणि बेधडक जुनी चाल म्हणायला लागला.

“ए, ते माझ्या दारची हाये!” रामराव उठला.

“बापाच्या दारची हाये ते. शेत अर्धं झालं, हिरीच्या पान्याची पाळी अर्धी झाली, चाल मात्र सगळी तुले? हा कुठला न्याय?”

“तुले नवीन देली ना बाबानं!”

“जुनी गाय तुले, आन मले वासरू देलं. पाह्य म्हने!”

योगिनीनं यंत्र बंद करू का अशा अर्थानं इंद्रभानकडं पाहिलं. तो हसत होता. “चालू राहू दे. चाल काय नुसती सुराची असते का? हेबी तिच्यातलंच हाये.” मग राजकुमारकडं वळून म्हणाला, “जुनी म्हनून झाली. आता नवीन म्हन. तुले येते का तरी?”

राजकुमार फणकाऱ्यानं म्हणाला, “येत कशी नाई?” आणि म्हणायला लागला. त्याला ती येत होती. नुसती येत नव्हती, तर मळ्यात पाणी फिरवताना, एकटा असताना, ज्या मायेनं माणूस आपली चीज म्हणतो त्या मायेनं येत होती. संपली तेव्हा रामरावाची बायको, जयमाला, नवऱ्याच्या देखत म्हणाली, “खरं सांगू भावजी? तुमचीच गोड हाये.” रामरावानं तिच्याकडं डोळे वटारून पाहिलं, पण तिचं खरं होतं.

सगळ्या चाली मिळाल्या असं मात्र झालं नाही. काही घरं गाव सोडून गेलेली. एका घराला कुलूप होतं आणि त्या दारची चाल कोणालाच आठवेना, खुद्द इंद्रभानलाही नाही. दुसऱ्या एका घरची शेजारणीला आठवत होती, तीही अर्धी. योगिनीनं तिचं ते अर्धं घेतलं.

उन्हं डोक्यावर आली तसं अंगण रिकामं झालं. इंद्रभान दमला होता, घामेजला होता, आणि असा सुखी तो कित्येक महिन्यांत दिसला नव्हता. त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला हात जोडता येईनात म्हणून एकच हात कपाळाला लावून नमस्कार केला. “मले वाटे मी देऊन राह्यलो होतो तुमाले,” तो रामरावाला म्हणाला. “तुमी तं सांभाळून ठेवून राह्यले होते बाप्पा. लय उपकार झाले.”

“उपकार कायचे?” रामराव म्हणाला. “आमच्याच घरच्या होत्या त्या.”

योगिनी सामान आवरत होती. मधेच थांबून तिनं सहज विचारलं, “आणि बाबा, तुमच्या दारची चाल कोणती?”

इंद्रभान मोठ्यानं हसला. “आमच्या दारची? पोरी, जोगी सोताच्या दारात वाजवत नसते. आपल्याच दारात कोन भिक्षा मांगन? आमाले चाल नसते.”

“हाये,” झुंबरबाई म्हणाली.

कालपासून ती किंगरी धरून बसली होती. सारं गाव येऊन म्हणून गेलं, तिनं तोंड उघडलं नव्हतं. आता दोघंही तिच्याकडं पाहायला लागली.

“काय हाये?” इंद्रभाननं विचारलं.

किंगरीचा दांडा तसाच एका हातानं धरून झुंबरबाई हळू आवाजात गुणगुणायला लागली. लहानशीच चाल होती, वरून खाली उतरत येणारी. तीनदा उतरायची आणि शेवटी एका सुरावर बसायची. इंद्रभान कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिला. गावातल्या एकाही दाराची नव्हती ती. बापाची नव्हती, आजाची नव्हती.

“हे कोनाची? मी तं हे कधी वाजवली नाई.”

“रोज वाजवली,” झुंबरबाई म्हणाली. “ज्या दिवशी मी घरी राहो, त्या दिवशी. फेरी करून तुमी हापशीपाशी वळत, तिथून दारापरेंत हेच वाजवत येत. दरसाल. लगन होऊन आली तेव्हापासून आईकते.”

हळूहळू ते वळण इंद्रभानच्या डोळ्यांपुढं आलं. हापशी, चिखल, भरलेली झोळी, दुखणारा खांदा, आणि काम संपलं म्हणून सैल पडलेला हात. तिथं आपण काही वाजवतो हे त्याला कधी जाणवलंच नव्हतं. दुसऱ्यांच्या दारांचा हिशेब संपलेला असायचा, आणि बोटं आपली चालत असायची.

“ते काय वाजवनं होतं का वं?” तो कसाबसा म्हणाला. “ते तं मी नुसता घरी येत होतो.”

“तेच तं.”

ज्या डाव्या हाताला इंद्रभान वर्षभर शिव्या देत होता, त्या हातानं त्याला न विचारता, न सांगता त्याच्या घराला चाल दिली होती. आणि ती आज उरली होती ती या बाईमुळं. तिच्याबद्दल त्याला एवढी कृतज्ञता वाटली की ती कुठं ठेवावी हे कळेना. त्यानं गज खाली ठेवला आणि चांगल्या हातानं तिचा हात धरला, पाहुणीदेखत.

“एवढी वर्सं आईकत होती तू? आन बोलली नाई कधी?”

“आईकत नसती,” झुंबरबाई म्हणाली, “तं तुमाले रोज गरम भाकर कशी भेटली असती? हापशीपाशी सूर आला का मी तवा ठेवो.”

योगिनीनं डोळे पुसले आणि यंत्र पुन्हा बाहेर काढलं. नांदुऱ्याची गाडी संध्याकाळची होती, अजून वेळ होता. इंद्रभाननं गज उचलला, झुंबरबाईनं किंगरी त्याच्या छातीशी नीट धरली, आणि तो म्हणाला, “म्हन आता. सावकाश म्हन.”